सायकलवरून सासरी: दिल्ली ते स्वीडन, १९७७



गेल्या महिन्यात नाशिकच्या मावशीचा मेसेज आला. एका माणसाचा जुना फोटो, खाली बदामांची रांग, आणि दहा-बारा ओळींत गोष्ट: दिल्लीच्या फुटपाथवर चित्रं काढणारा एक गरीब मुलगा स्वीडनच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिला भेटायला सायकल मारत थेट स्वीडनला जातो. मावशीनं विचारलं होतं, "तू तिकडेच आहेस ना, मग जरा बघ बरं हे खरं आहे का." मावशीच्या लेखी लंडन आणि स्वीडन म्हणजे नाशिक आणि सिन्नर. पण प्रश्न रास्त होता. ही गोष्ट तुमच्याही फोनवर कधी ना कधी आली असेल. म्हणून म्हटलं, या वेळच्या भागात तिच्याकडेच नीट बघू. खरं काय, फुगवलेलं काय, आणि तो रस्ता नेमका कसला होता.

मूळ गोष्ट खरी आहे, हे आधी सांगून टाकते. माणसाचं नाव प्रद्युम्न कुमार महानंदिया. जन्म १९४९चा, ओडिशातल्या एका खेड्यातला. परंपरेनं विणकाम करणारं, त्या काळी अस्पृश्य मानलं गेलेलं कुटुंब. शाळेत वेगळं बसवलं जायचं, हे त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. हातात कला होती, तिच्या बळावर दिल्लीच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला म्हणजे पोट भरलं असं नव्हे. मग संध्याकाळी कॅनॉट प्लेसमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची रेखाचित्रं काढायची. पाटी लावलेली: दहा मिनिटं, दहा रुपये.

१७ डिसेंबर १९७५ या दिवशी त्या पाटीसमोर शार्लोट फॉन शेडविन नावाची स्वीडिश तरुणी येऊन बसली. ती मैत्रमंडळींबरोबर व्हॅननं, बावीस दिवस रस्त्यावर काढून भारतात आली होती. स्वीडनमधल्या जुन्या सरदार घराण्यातली मुलगी. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोष्टीत एक भविष्यही आहे: याच्या जन्माच्या वेळी ज्योतिषानं म्हणे सांगितलं होतं की बायको दूरदेशची असेल, वृषभ राशीची, वाद्य वाजवणारी, आणि तिच्या मालकीचं जंगल असेल. ते सगळं जुळलं. ज्योतिषाचं श्रेय ज्योतिषाला. मला त्यापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघं ओडिशाला गेली, वडिलांना भेटली आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्यांचं लग्न झालं. नंतर शार्लोटला परत जावं लागलं. तिनं विमानाचं तिकीट देऊ केलं होतं. त्यानं ते घेतलं नाही. शिक्षण पुरं करीन आणि माझ्या हिमतीवर येईन, म्हणाला.

म्हणजे मावशीच्या मेसेजमध्ये तो "प्रेयसीला भेटायला" निघाला होता, तसं नव्हे. तो बायकोकडे निघाला होता. आपल्याकडे मुली न पाहिलेल्या घरी नांदायला जातात. आपल्यातल्या कितीजणी तशाच इथे आल्या, नवऱ्याचा पत्ता एका कागदावर लिहून. इथे जावई सासरी निघाला, एवढाच फरक.

वर्षभराच्या आसपास फक्त पत्रं. अखेर होतं नव्हतं ते विकून बाराशेच्या आसपास रुपये उभे राहिले. त्यातले साठ रुपये देऊन सायकल घेतली. २२ जानेवारी १९७७ला दिल्ली सोडली.

तारीख लक्षात घ्या. देशात आणीबाणी होती. चारच दिवस आधी, १८ जानेवारीला, इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या होत्या. मार्चमध्ये मतदान झालं, २१ मार्चला आणीबाणी उठली, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. हे सगळं घडत असताना महानंदिया रस्त्यावर होते. घर सोडून गेलेल्या माणसाच्या पाठीमागे देश बदलत राहतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आणि पैसे. आज आपण कार्ड काढतो आणि विसरतो. तेव्हा परदेशी चलन रिझर्व्ह बँकेच्या मर्जीनं, मोजून-मापून मिळायचं. आपल्या मंडळातले सत्तरच्या दशकात आलेले काका-काकू अजूनही "खिशात आठ डॉलर" या वाक्यानंच गोष्ट सुरू करतात. बाराशे रुपये विकून-जमवून आणले तरी सीमेपलीकडे ते रुपये जवळजवळ कागदच. महानंदियांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे पेन्सिल. जिथे थांबतील तिथे माणसांची चित्रं काढायची. कुणी पैसे द्यायचं, कुणी जेवण, कुणी रात्रीपुरती जागा. चेहरा सगळ्यांनाच असतो आणि तो कागदावर कसा दिसतो हे बघायची हौसही.

आता रस्ता. 

दिल्ली-काबूल-तेहरान-इस्तंबूल ही वाट त्या काळी गजबजलेली होती. लांब केसवाली पोरं, जुन्या फोक्सवॅगन व्हॅन, आणि चक्क लंडन ते कलकत्ता बस. अशी पहिली बस १९५७च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघाली आणि जूनमध्ये कलकत्त्याला पोचली. जायचं भाडं ८५ पौंड. पाश्चात्य मुलं पूर्वेकडे येत होती, ज्ञान, गांजा, स्वस्ताई, जे हवं ते शोधत. त्या गर्दीतून उलट्या दिशेनं, साठ रुपयांच्या सायकलवर एक ओडिया माणूस चालला होता.

अफगाणिस्तानातला रस्ता त्या वेळी उत्तम होता हे सांगितलं तर आज कुणाला पटत नाही. काबूल ते कंदाहार अमेरिकनांनी डांबरी करून दिलेला, कंदाहार ते हेरात सोव्हिएत रशियानं काँक्रीटचा. शीतयुद्धातल्या दोन महासत्ता एकाच देशाला रस्ते बांधून देण्यात चढाओढ करत होत्या आणि त्याचा फायदा सायकलवाल्याला. भाषेचाही त्रास तिथे कमी पडला, हिंदी समजणारे भेटत. इराणमध्ये मात्र बोलणं खुंटलं आणि पेन्सिलीवरच भिस्त ठेवावी लागली.

सरासरी रोज सत्तर किलोमीटर, असं ते सांगतात. पाय दुखायचे हेही सांगतात. वाटेतल्या गावांत शार्लोटची पत्रं येऊन पडलेली असायची. पोस्टात जाऊन नाव सांगायचं आणि आपल्या नावाचं पाकीट आहे का विचारायचं, अशी पद्धत होती. आमच्या मुलीला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "आणि पत्र आलंच नसेल तर?" तर पुढच्या गावापर्यंत सायकल मारायची, दुसरं काय.

इथे जरा थांबून आपल्या मुंबईकरांची आठवण काढायला हवी, कारण पश्चिमेकडे सायकलनं निघालेले महानंदिया पहिले नव्हेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण जग फिरायला निघाले होते. इराण, इराक, सीरिया, इजिप्त करून ते इटलीत उतरले, युरोप ओलांडून इंग्लंडला आले, पुढे अमेरिका, जपान, चीन. साडेचार वर्षांनी, १८ मार्च १९२८ला, सहांपैकी तिघे मुंबईत परतले: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. एकूण ७१,००० किलोमीटर. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. पण फरक बघा. या तिघांच्या दृष्टीनं युरोप हा मधला मुक्काम होता. जितकं पुढे जाऊ तितकं घर जवळ येणार, कारण पृथ्वी गोल आहे आणि शेवटी मुंबई आहे. महानंदियांच्या रस्त्याला असं गोल वळण नव्हतं. त्यांचं घर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून युरोपातला टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फॉरवर्ड झालेल्या गोष्टीत तो अर्ध्या ओळीत उरकतो: "अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान पार करून तो युरोपात पोचला." जणू इस्तंबूलचा पूल ओलांडला की स्वीडन दिसायला लागतं!

पूल तर तेव्हा नवाकोरा होता, १९७३मध्ये खुला झालेला. आशियातून युरोपात रस्त्यानं जाता येऊ लागल्याला जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. त्यापूर्वी सामुद्रधुनी ओलांडायला बोटच. पलीकडे सुलतानअहमद भागात पुडिंग शॉप नावाचं खाणावळवजा दुकान होतं. तिथल्या भिंतीवरच्या फळ्यावर प्रवासी चिठ्ठ्या लावत: काबूलला जाणाऱ्या गाडीत दोन जागा आहेत, अमुकनं तमुकला घरी फोन करावा, वगैरे. त्या काळचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच म्हणा, फक्त सुप्रभात नसलेला.

इस्तंबूलहून मध्य युरोपात जाणारा मुख्य रस्ता एकच होता. तेव्हाच्या क्रमांकानुसार ई-पाच. एदिर्नेची सीमा, मग बल्गेरियातून सोफिया, मग युगोस्लाव्हियातून निश, बेलग्रेड, पुढे ऑस्ट्रिया. युगोस्लाव्हियातल्या महामार्गाचं नाव होतं "बंधुता आणि ऐक्य". दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणांच्या श्रमपथकांनी तो बांधायला घेतला, बेलग्रेड-झाग्रेब हा तुकडा १९५०मध्ये पुरा झाला. नाव मोठं, रस्ता अरुंद. बहुतेक ठिकाणी जाणारी एक मार्गिका आणि येणारी एक, मध्ये दुभाजक नाही. त्यावरून इराणला माल नेणारे ट्रक धडधडत जायचे, कारण तेलाच्या पैशानं तेहरानमध्ये सुबत्ता आली होती आणि युरोपातून जे मिळेल ते रस्त्यानं तिकडे चाललं होतं. आणि उन्हाळ्यात त्या ट्रकांच्या मध्ये घुसायच्या जर्मनीहून निघालेल्या तुर्की आणि युगोस्लाव्ह कुटुंबांच्या मोटारी.

या मोटारींबद्दल थोडं जास्त बोलते, कारण त्या आपल्याच गोष्टी आहेत.

३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. युगोस्लाव्हियाशी १९६८मध्ये. माणसं आली, खाणीत, मोटारींच्या कारखान्यांत राबली. "पाहुणे कामगार" म्हणायचे त्यांना. पाहुणे म्हटलं की ते जाणारच, असा हिशेब. १९७३च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीनं नवी भरती बंद केली. परिणाम उलटाच झाला. गेलो तर परत येता येणार नाही म्हणून माणसं राहिली आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. पण उन्हाळा आला, शाळा सुटल्या, की सगळं बिऱ्हाड गाडीत भरायचं आणि अनातोलियातल्या गावाकडे निघायचं. तीन हजार किलोमीटर. टपावर टीव्ही, शिवणयंत्र, गाद्या. बाप रात्रभर चालवणार, कारण सुट्टी चारच आठवडे आणि एकही दिवस रस्त्यावर वाया घालवायचा नाही. बाप झोपेला यायचा, समोरून ट्रक. दरवर्षी कितीतरी कुटुंबं या रस्त्यावरून गावी पोचलीच नाहीत.

तुर्कीत या रस्त्याला नाव आहे, सिला योलू. योलू म्हणजे रस्ता. सिला म्हणजे दुरावलेल्या जागी आणि दुरावलेल्या माणसांत परत जाऊन मिळणं. आणि जिथे ते कामाला गेलेले असतात त्याला म्हणतात गुर्बेत. हिंदी-उर्दूतला गुरबत हा शब्द मुळात तोच. आपण तो गरिबी या अर्थानं ऐकतो, मूळ अर्थ परमुलखात असणं. भाषेला दोन्हींतला संबंध कळला असावा.

तर १९७७च्या वसंतात त्या रस्त्यावरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मे महिना म्हणजे शाळा सुटायच्या आधीचे दिवस. मोटारींचा लोंढा महिन्याभरात सुरू होणार होता, जर्मनीकडून पूर्वेला, घराकडे. आणि एक सायकल त्याच रस्त्यावर पश्चिमेला चालली होती, तीही घराकडे. एकाच डांबरावर एकाचं गुर्बेत ते दुसऱ्याचं सिला. आपणही मुंबईच्या विमानतळावर उतरताना "घरी आलो" म्हणतो आणि महिन्याभरानं हीथ्रोवर उतरून टॅक्सीत बसलो की पुन्हा "चला, आता घरी". आमच्या घरी यावरून एकदा सासूबाई दुखावल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग आमचं कोणतं?"

योगायोग म्हणजे त्याच मे महिन्यात पॅरिसहून इस्तंबूलला थेट जाणारी ओरिएंट एक्स्प्रेस कायमची बंद झाली. १९ मे १९७७ला तिनं पॅरिस शेवटचं सोडलं. नावाभोवती वलय, पण शेवटच्या वर्षांत तिची रया गेली होती. डब्यांत राजघराणी नव्हती, तेच तुर्की आणि युगोस्लाव्ह मजूर होते, डब्याला जेवणही नसायचं. श्रीमंत विमानानं जाऊ लागले होते.

आता मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. महानंदिया इस्तंबूल करून व्हिएन्नाला पोचले. आणि व्हिएन्नाहून पुढे ते सायकलनं गेले नाहीत. रेल्वेनं गेले, थेट गोथेनबर्गपर्यंत. हे काही कुणी शोधून काढलेलं गुपित नाही. ते स्वतःच सांगतात. गोष्ट हातोहात फिरताना मात्र ती गाडी गळून पडली, कारण सायकलवरून दारात उतरणारा नायक जास्त शोभतो. नकाशावर मोजलं तर काबूल ते व्हिएन्ना रस्ता साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास भरतो आणि व्हिएन्ना ते गोथेनबर्ग रेल्वेनं सतराशेच्या घरात. म्हणजे शेवटचा हा तुकडा तसा लहान नाही. दिल्लीहून रेल्वेत बसून हैदराबाद गाठण्याच्या जवळ जाणारा.

मला ती रेल्वे आवडते. चार महिने ज्यानं स्वतःच्या पायांनी अंतर कापलं तो आता खिडकीशी बसला होता आणि अंतर आपोआप सरकत होतं. त्या काळी हॅम्बुर्गकडून डेन्मार्कला जाणारी गाडी समुद्र आला की सरळ फेरीबोटीच्या पोटात शिरायची. डबे बोटीत, माणसं वर डेकवर. पलीकडे उतरून कोपनहेगन, मग पुन्हा एक लहानशी बोट, आणि स्वीडनचा किनारा. उत्तरेकडे जाणाऱ्यांचा तेव्हाचा नेहमीचा मार्ग हाच. मे अखेरीला तिथे रात्री दहालाही उजेड असतो. पहिल्यांदा इथे आलेल्या आपल्या प्रत्येकाला त्या उजेडानं गोंधळवलं आहे. पडदे लावून झोपायचं असतं हेही कुणी सांगत नाही.

२८ मे १९७७. निघाल्यापासून १२६वा दिवस. 

गोथेनबर्गहून बोरोस हे गाव साठ-पासष्ट किलोमीटर. शार्लोटचं गाव. बोरोस हे स्वीडनमधलं कापडगिरण्यांचं शहर. विणकराच्या घरातला मुलगा सात-आठ हजार किलोमीटर तुडवून पुन्हा मागाच्या गावात पोचला. हे मला जमवून आणलेलं वाटलं म्हणून मी दोनदा तपासलं. शार्लोटच्या आईवडिलांनी त्याला घरात घेतलं. स्वीडनच्या कायद्याप्रमाणे लग्न पुढे १९७९मध्ये झालं. त्याला भाषा येत नव्हती, रीतिभाती ठाऊक नव्हत्या. भाषा शिकला, कलाशिक्षक म्हणून काम केलं, दोन मुलं झाली. पुढे २०१२मध्ये ओडिशातल्या उत्कल संस्कृती विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. शाळेत ज्याला बाजूला बसवलं त्याला. पेर अँडरसन या स्वीडिश पत्रकारानं त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. मूळ स्वीडिश नाव साधं आहे, "न्यू दिल्ली–बोरोस", रेल्वेच्या पाटीसारखं. इंग्रजीत येताना प्रेम थेट मुख्य नावातच आलं.

त्यांच्या एका म्हणण्याचा आशय सांगते, कारण सायकलप्रेमी मंडळी त्यांना आपला देव मानतात. आपल्याला सायकलची आवड कधीच नव्हती, असं ते म्हणतात. पैसे नव्हते म्हणून सायकल. तिकिटाचे पैसे असते तर गोष्ट उरली नसती आणि मावशीचा मेसेजही आला नसता.

आणखी एक गोष्ट या प्रवासाला शक्य करणारी होती, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कागद. १९७७मध्ये भारतीय पासपोर्टवर युरोपात फिरणं आजच्या इतकं जिकिरीचं नव्हतं. ब्रिटननं भारतीयांना व्हिसाची सक्ती केली ती १९८६मध्ये. इतर दारंही त्या दशकात एकेक करून बंद होत गेली. आणि रस्ता तर त्याही आधी तुटला. १९७८च्या एप्रिलमध्ये काबूलमध्ये सत्तापालट झाला, १९७९च्या सुरुवातीला इराणचा शहा गेला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. व्हॅनवाली पोरं यायची थांबली. महानंदिया ज्या वाटेनं आले ती त्यांच्या मागे तीन वर्षांत मिटली. १९९१मध्ये "बंधुता आणि ऐक्य" महामार्गही झाग्रेब आणि बेलग्रेडच्या मध्ये युद्धानं तोडला. आता तो पुन्हा जोडला आहे, चांगला रुंद आहे, फक्त त्यावर सीमाचौक्या उभ्या राहिल्या, जिथे पूर्वी एकच देश होता.

व्हिसा काय करतो हे बघायचं तर आपल्याच वेदांगी कुलकर्णीकडे बघा. पुण्याकडची मुलगी, इंग्लंडमध्ये बोर्नमथला शिकत होती. २०१८मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर सायकल चालवून तिनं जगाची फेरी पुरी केली. सुरुवात ऑस्ट्रेलियात पर्थला, शेवट डिसेंबरात कोलकात्यात. स्पेनमध्ये चोरट्यांनी सुरा दाखवून लुटलं, डोक्याला मार लागला, तरी पुढे गेली. पण तिच्या बोलण्यात चोरांइतकेच व्हिसाचे कागद येतात. युरोपियन सायकलवाला नकाशा बघून रस्ता ठरवतो. भारतीय सायकलवाली आधी वकिलातीची वेबसाइट बघते.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ई-पाच, तुर्की मोटारी, ओरिएंट एक्स्प्रेस, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सायकल व्हिएन्नापर्यंतच."

"हो, पुढे रेल्वे."

"बरं झालं बाई. दमला असेल." थोडं थांबून म्हणाली, "आणि त्याचा बाप? त्याला पुन्हा कधी भेटला?"

एवढी पुस्तकं आणि मुलाखती चाळताना मी कापडगिरण्या तपासल्या, रेल्वेचे मार्ग तपासले, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मावशीचा मुलगा गेली अठरा वर्षं टोरांटोला आहे.

मंडळी, आजच्या भागासाठी एवढंच. पण तुमच्याकडून एक हवंय. आपल्या वस्तीत साठ-सत्तरच्या दशकात विमानानं न येता जमिनीवरून, बसनं, रेल्वेनं, कुणाच्या ट्रकमधून आलेली माणसं अजून आहेत. तुमच्या घरी असे कुणी आजोबा, काका, मावशी असतील तर त्यांना विचारा: सीमेवर काय विचारलं, खिशात किती होते, पहिलं पत्र घरी कुठून टाकलं. फोनवर रेकॉर्ड करून आमच्याकडे पाठवा. आवाज खराब असला, मध्ये कुकरच्या शिट्ट्या असल्या तरी चालेल.